गाडी खंडानं मिळते का

मी लोकांच्या कंबरा बऱ्या करते, आणि माझीच कंबर गेली होती. ही गोष्ट मी बरेच दिवस पेशंटांपासून लपवून ठेवली. माझा दवाखाना असा नाही. सांगली, मिरज, माधवनगर असं घरोघर जाऊन मी फिजिओथेरपी देते. पाठीला सॅक, स्कूटरवर पायाशी शेकायचं मशीन आणि वाटेत गतिरोधक. एकेका गल्लीत तर घरं कमी आणि गतिरोधक जास्त आहेत.

शेवटी माधवनगरच्या एका आजींनी मला पकडलं. मी त्यांच्या पायऱ्या कठडा धरून, कण्हत चढत होते आणि आजी वॉकर घेऊन दारातच उभ्या होत्या. माझं चढणं त्यांनी शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "या डॉक्टर, बसा. आधी तुमचं करूया, मग माझं."

त्याच संध्याकाळी मी चारचाकी घ्यायचं ठरवलं. रोजचं फिरणं सगळं शहरातलं, थांबत थांबत. पेट्रोलची गाडी परवडणार नव्हती, म्हणून इलेक्ट्रिक. नवरा इचलकरंजीच्या कॉलेजात शिकवतो, एसटीनं जातो आणि एसटीतच झोप पुरी करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "चालवणार तू, ठरव तू," आणि पेपर उलटला. संसारात इतकी मोकळीक मिळाली की काळजी वाटते.

मग मी मोबाइलवर शोधायला बसले. बघावं तिथं जाहिराती. 'गाडी विकत घेऊ नका, लीजवर घ्या. आगाऊ रक्कम शून्य.' खाली दरमहाचा आकडा, आकड्यावर एक चांदणी आणि चांदणीचा खुलासा इतक्या बारीक अक्षरात की तो वाचायला चष्मा काढून फोन नाकाला लावावा लागत होता. एका ठिकाणी माझा नंबर टाकला. चहाचं आधण उकळायच्या आत फोन आला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. गाडीचा रंग विचारला, आवडीनिवडी विचारल्या, मग म्हणाला, "मॅडम, आपली कंपनी कोणती?"

"कंपनी नाही. मी स्वतःच."

"म्हणजे तुम्ही मालक आहात?"

"हो."

"कामगार किती?"

"मीच."

तो अतिशय आदरानं म्हणाला की लीज पगारदारांसाठी आहे, मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना देतात, माझ्यासारख्यांसाठीही योजना येतेच आहे आणि आली की तो स्वतः फोन करील. अजून केलेला नाही.

माझ्या पेशंटांत तेव्हा एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांचा खांदा आखडला होता. जन्मभर कर्जं मंजूर-नामंजूर केलेला माणूस, म्हटलं यांनाच विचारावं. पण मी जायची तीच त्यांचा हात वर न्यायला, त्यामुळे सल्ला मिळायचा तो असा: "हे बघ, लीजमध्ये पगारदारांचा कर वाचतो. तुझं काय वाच— आई गं! —वाचणार? तू कर्ज घे. पण व्याज फ्लॅट म्हणाले की— मेलो, मेलो! —की उठून यायचं. घटत्या शिल्लकीवर आहे का विचारायचं. आणि हप्ता किती ते बघूच नकोस. शेवटपर्यंत मिळून एकूण किती जातात ते— सोड, सोड, सोड! —ते बघ."

महत्त्वाचं काही आलं की मी ऐकायला हात थांबवायची. दोन-तीन दिवसांत ही मेख त्यांच्या लक्षात आली. मग ते हात वर गेला रे गेला की कर्जाचा नवा मुद्दा काढायचे. त्या महिन्यात माझं वाहनकर्जाचं ज्ञान खूप वाढलं. खांदा मात्र होता तिथंच राहिला.

याच सुमारास उंब्रजला फोन करताना मी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहज बोलून गेले की लीजवर गाडी बघत होते पण जमत नाही. आण्णा फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि गेली कित्येक वर्षं ऊस करतात. गाडीचं त्यांना काही विशेष नव्हतं. पण लीज म्हणजे त्यांच्या लेखी जमिनीचा खंड. मालकाला वर्षाचे ठरलेले पैसे द्यायचे आणि रान आपण करायचं. हा विषय त्यांचा.

"खंडाच्या करारात लय गोम असती," ते म्हणाले. "तू एकटी जाऊ नगंस. मी येतो."

"अहो पण ते मला देतच नाहीत."

"देत न्हाईत म्हंजे? बोलून बघाय पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते सांगलीत हजर. इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट आणि खांद्यावर टॉवेल.

शोरूममध्ये आमच्या वाट्याला एक हसरी मुलगी आली. मूळची विट्याची. वडिलांचं सोनं गाळायचं दुकान लांब तमिळनाडूत, तीही तिकडंच वाढलेली आणि आता आजीजवळ राहायला आलेली. मराठी तिला आजीनं शिकवली होती आणि राहिलेली वाक्यं शोरूमनं. त्यामुळे ती म्हणायची, "मॅडम, या मॉडेलचं परफॉर्मन्स लय भारी हाय," आणि जीभ चावून म्हणायची, "आहे."

आण्णांनी खुर्ची पुढं ओढली. "तर पोरी, खंड किती आन मुदत किती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लीजचं विचारतायत."

तिनं महिन्याची रक्कम सांगितली, वर्षं सांगितली.

"नांगरट कुणाकडं?"

"सर्व्हिसिंग," मी म्हटलं.

"कंपनीकडं, काका."

"बी-खत?"

आता तिला सूर सापडला होता. "चार्जिंग आपलं आपण करायचं."

"आन अवकाळीनं नुकसान झालं म्हंजे?"

"इन्शुरन्स आहे ना."

"आसं. आन मुदत सपली की?"

"गाडी परत द्यायची."

आण्णा मागं टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आन आमी न्हाई दिली तर?"

मुलीचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मॅनेजरच्या केबिनकडं गेले. आण्णा समजावून सांगायला लागले. "तसं न्हवं गं. गाडी आमच्या दारात. चालीवतो आमी, धुतो आमी. इतकी वर्सं वहिवाट झाल्यावर कूळ म्हणून आमचं नाव लागंल का न्हाई?"

कूळकायदा तिच्या प्रशिक्षणात नव्हता. तिनं विचारलं, "कूळ म्हणजे?" आणि आण्णांनी तिला कूळकायदा सांगितला. चहा येऊन गार झाला. मी मधे दोनदा सांगून पाहिलं की लीज मला मिळतच नाही, तर आण्णा म्हणाले, "थांब, आधी हिला कळू दे."

तिला ते नीट कळलं हे मला कबूल केलं पाहिजे. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, गाडीला कूळ लागत नाही. आरसी कंपनीच्याच नावावर असते." मग तिनं दुसरी योजना काढली. गाडी आपण घ्यायची, पण तिच्यातली बॅटरी कंपनीची. त्यामुळे गाडी स्वस्त पडते. बॅटरीचं भाडं जेवढी गाडी पळेल तेवढं, किलोमीटरवर.

मला ही योजना पहिल्या झटक्यात आवडली. आण्णा मात्र डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे रान आमचं आन हीर तुमची."

"हो, म्हणजे... हो."

"आन एखांद्या म्हयन्यात पाणी घेतलंच न्हाई तर?"

मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की दर महिन्याला ठरावीक किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, गाडी पळो न पळो.

"झालं," आण्णा म्हणाले. "माझ्या बापाची सगळी हयात दुसऱ्याच्या हिरीवर पाळी बघण्यात गेली. मला न्हाई पटायचं."

"पण गाडी मला घ्यायचीय, आण्णा."

"घे की. माझं मत सांगितलं."

मतानं त्यांनी योजना संपवलीच होती. मला अजून वाटतं ती काही वाईट नव्हती. माझं फिरणं बघता जमली असती. पण मनात एकदा विहीर बसली ती बसलीच. भाड्याचा विचार आला की मला शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरचं बंद इंजिन दिसायला लागलं.

मग आण्णांनी फर्मान काढलं की गाडी उंब्रजला नेऊन बघायची. रान बघितल्याशिवाय कुणी व्यवहार करत नाही. मुलगी म्हणाली की टेस्ट ड्राइव्ह विश्रामबागेपर्यंत जाऊन परत असते. पण महिनाअखेर होती आणि तिच्या टार्गेटला एक गाडी कमी पडत होती. ती केबिनमध्ये जाऊन आली आणि म्हणाली, "सर हो म्हणालेत. पण मी सोबत येणार."

"ये की. घर बघून ठेव," आण्णा म्हणाले.

शोरूमची डेमो गाडी घेऊन आम्ही निघालो. मी चालवत होते, आण्णा शेजारी, मुलगी मागं. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका करत हायवेला लागलो. गाडी सुरेख चालत होती. कंबरेला एक धक्का नाही. मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं. आण्णांनी एसी पूर्ण सोडला होता आणि ओळखीचं माणूस दिसलं की काच खाली करून हात दाखवायला सोयीचं म्हणून काचही खाली सोडली होती. मागून मुलगी हळूच म्हणायची, "काका, चार्ज जातो." आण्णा म्हणायचे, "जाऊ दे, घरी लाइट हाय."

उंब्रजला पोचल्यावर घरी जायच्या आधी मळ्याकडं जायचं ठरलं. मळ्याच्या वाटेवर पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन उभा. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता. बाजूनं थोडी जागा होती.

"घे, घे," आण्णा म्हणाले. "मिलट्रीचा ट्रक जाईल हितनं."

"नको आण्णा."

"आगं घे, मी बघतोय न्हवं डावीकडं."

ते डावीकडं बघत होते हे खरं. ट्रॉली उजवीकडं होती. बाहेर आलेल्या उसाच्या टिपऱ्यांनी माझ्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत खर्रर्र करून एक सलग रेघ ओढली. मागून मुलीच्या तोंडून एक शब्द निघाला. तो तमिळ होता. आम्हाला दोघांनाही तो समजला.

आण्णा खाली उतरले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "धूळ हाय. पुसली की जाईल." खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी पुसलं. धूळ गेली, आणि ओरखडा होता त्यापेक्षा स्पष्ट दिसायला लागला. ते जास्त जोरानं पुसायला लागले तेव्हा मुलीनंच त्यांचा हात धरला. त्यांनी लगेच खिशातलं पाकीट काढलं. "काय हुईल ते आत्ता सांग." ती म्हणाली, "राहू द्या काका, इन्शुरन्समध्ये बसतं," पण तिचा चेहरा उतरला होता. मी तर तिच्याकडे बघूच शकत नव्हते.

घरी आलो तोवर गाडीत जेमतेम कराडपर्यंतचा चार्ज उरला होता, आणि कराडचं चार्जिंग स्टेशन बंद असल्याचं फोनवर दिसत होतं. घरात मोठा प्लग एकच, न्हाणीघरात, गिझरचा. न्हाणीघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढली, गाडी खिडकीला लावली आणि चार्जिंग चालू केलं. आईनं येऊन बघितलं आणि विचारलं, "हिला किती येळ लागंल?"

मुलगी म्हणाली, "या प्लगवर... संध्याकाळ."

"मग बस जेवायला. गाडीचं पोट भरूस्तवर तुझं बी भरू दे."

ती जेवायला बसली आणि लाइट गेली. आमच्याकडं दुपारी जाते. मॅनेजरचा फोन आला तेव्हा तिच्या ताटात तिसरी भाकरी होती आणि ती चौथी नको म्हणत होती. "सर, कस्टमरच्या घरी आहे... हो सर, उंब्रज... नाही सर, लाइट नाही... हो सर, भाकरी." मधेच आण्णांनी फोन मागून घेतला आणि सांगितलं, "सायेब, पोर सुखरूप हाय, गाडीबी हाय." हे ऐकून मॅनेजर अधिकच घाबरला असावा, कारण पुढच्या तासाभरात त्याचे बरेच फोन आले.

लाइट यायची वाट बघत आम्ही सोप्यात बसलो. तिथं ती मुलगी पहिल्यांदाच शोरूमची वाक्यं सोडून बोलली. म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? नव्या गाडीच्या मागं लागूच नका. ही डेमो गाडी मार्चच्या आधी काढायचीच आहे आम्हाला. हिच्यावर बरीच सूट मिळेल. बॅटरीची वॉरंटी जेवढी उरलीय ती सगळी तुम्हाला. फक्त गाडी शोरूमच्या नावावर असल्यानं बँक जुन्या गाडीचं कर्ज देईल. व्याज थोडं चढं बसेल."

मी बँक मॅनेजरांना फोन लावला. त्या दिवशी त्यांचा हात मोकळा होता, तरी बोलण्याआधी त्यांनी विचारलं, "तू फोनवरच आहेस ना?" मग म्हणाले, व्याज चढं असू दे, कर्जच कमी घ्यावं लागेल, एकूण काढ. आम्ही मोबाइलवर एकूण काढलं. लीज नाही, विहीर नाही, आणि माझ्या आवाक्यात. मी उठून खिडकीतून गाडीकडं बघितलं. ओरखड्यासकट ती मला आवडली होती.

लाइट आली, गाडी भरली आणि दिवस मावळताना आम्ही सांगलीला निघालो. आण्णाही आले. म्हणाले, व्यवहार अर्धा टाकून राहणार नाही.

सकाळी शोरूममध्ये मॅनेजरनं डेमो गाडीची किंमत सांगितली. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर आण्णांनी हात वर केला.

"सायेब, गाडीला ओरखडा हाय."

मुलीनं चमकून वर बघितलं. "काका! तो कालच पडला. तुम्हीच म्हणालात, घे म्हणून!"

"व्हय, मीच म्हणलो. न्हाई कुठं म्हणतोय? भरपाई द्यायला पाकीटबी काढलं हुतं. तू नगं म्हणलीस. म्हंजे ओरखडा तुमचा ऱ्हायला. आता मी गिऱ्हाईक हाय. वरबाडल्याली गाडी वरबाडल्याल्या भावानं द्या."

मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं, पण कंबरेमुळे ते शक्य नव्हतं. मॅनेजरनं आण्णांकडे, मुलीकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मग त्यानं कॅल्क्युलेटरवर बराच वेळ बोटं चालवली आणि थोडी कमी किंमत सांगितली. आण्णांनी त्याचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

कागदावर सह्या करताना मुलगी माझ्या कानाशी वाकली. "मॅडम, आधीची किंमत सरांनी मुद्दाम वाढवून सांगितली होती. डेमोची सूट एवढीच असते. काकांना सांगू नका." मी सांगितलं नाही. ओरखड्यात आपण किती वाचवले हे ते आजही पाहुण्यांना सांगतात, आणि दर वेळी रक्कम वाढते.

गाडी दारात आली. माधवनगरच्या आजींनी ती वॉकरसकट फिरून बघितली. माझी कंबर महिन्याभरात ताळ्यावर आली. बँक मॅनेजरांचा खांदाही सुटला, कारण आता विचारायला काही उरलं नव्हतं.

मग शोरूमच्या कंपनीचा फोन आला, सेवेबद्दल विचारायला. कागदावर आण्णांनी स्वतःचा नंबर घालायला लावला होता, कारण मी फोन उचलत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फोन गेला उंब्रजला. पलीकडची बाई हिंदीत बोलली आणि आण्णा फौजेच्या हिंदीत रंगले. "लडकी का बर्ताव एक नंबर. बहुत सच्ची लडकी. हमारे घर में खाना खाया." दहापैकी किती देणार म्हटल्यावर त्यांनी विचार करून सांगितलं, "नौ."

दोन दिवसांनी मुलीचा मला फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, काकांनी नऊ दिले. आमच्यात दहाच्या खाली म्हणजे नापास. माझा इन्सेन्टिव्ह गेला."

मी आण्णांना कळवलं. त्यांना ते खरंच वाटेना. "नऊ म्हंजे नापास? आमच्यात नऊवाल्याला बढती देत्यात!" आलेल्या नंबरावर त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला, तो लागत नव्हता. मग गुळाची एक ढेप पोत्यात बांधून ते एसटीनं सांगलीला आले, मला घेऊन शोरूममध्ये गेले आणि मॅनेजरसमोर सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "सायेब, माझी चूक झाली. ह्या पोरीला धा."

मॅनेजर म्हणाला, आकडा वरती गेला, आता बदलत नाही. आण्णांनी बरीच खटपट केली, वर म्हणजे कुठं आणि तिथं एसटी जाते का तेही विचारलं. काही झालं नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "जाऊ द्या काका, पुढच्या महिन्यात भरून काढीन." गूळ तिनं घेतला. आजीला आवडेल म्हणाली.

मी त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. गाडीत त्यांनी काचसुद्धा खाली केली नाही. स्टँड जवळ आल्यावर म्हणाले, "आगं, फौजेत असताना एक सायेब म्हणायचा, धा कुणालाच द्यायचं न्हाईत, माणूस ढिला पडतो. मी जन्मभर तेच धरून बसलो."

"मग आता?"

"आता काय. बघू," म्हणाले आणि एसटीत चढले.

संध्याकाळी आईचा फोन आला. दबका आवाज, पदराआडून बोलल्यासारखा. "तुझ्या आण्णाला सांगलीत काय झालंय का गं? आल्या आल्या सोप्यात हुबं ऱ्हाऊन मला म्हणलं, तुला धा. मी इचारलं, कशाचं धा? तर आंघुळीला गेल्यात."